कॉलेज फुटबॉलचे हायलाइट व्हिडिओ आणि कॉपीराइटचा क्लेम: मराठी समालोचन जोडलं तरी चालत नाही का?

ॲनआर्बरकर

नमस्कार मंडळी. मी मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे व्हिडिओ मराठीत करतो. अमेरिकन फुटबॉल, बरं का. डेट्रॉइट ते ॲन आर्बर या पट्ट्यात मोटारकंपन्यांमुळे मराठी घरं भरपूर आहेत, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर दर शनिवारी इथलं सगळं वातावरण निळंपिवळं होऊन जातं. नेमके त्याच दिवसांत बऱ्याच जणांचे आईवडील भारतातून आलेले असतात. ते सोफ्यावर बसून विचारतात, "ही पोरं दर पाच सेकंदांनी थांबतात कशाला?" त्यांना समजावं म्हणून सुरुवात केली. आता चॅनेलला नियमित प्रेक्षक आहेत, त्यातले निम्मे महाराष्ट्रातून बघतात.

माझे व्हिडिओ दोन प्रकारचे असतात. एकात मी एकच डाव घेतो, चित्र थांबवतो, बाण काढतो आणि कोण कुठून आला, बचावाची फळी कुठे फुटली ते मराठीत सांगतो. दहा-बारा मिनिटं मी बोलत असतो आणि मूळ चित्रण त्यात मधूनमधून येतं. दुसरा प्रकार म्हणजे हंगाम संपल्यावरचं संकलन. निवडक टचडाउन (चेंडू समोरच्या गोलरेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण), खाली गाणं, बोलणं काही नाही.

या महिन्यात यूट्यूबवर दोन्हींवर कॉपीराइटचे क्लेम (म्हणजे 'हे चित्रण आमचं' असे दावे) आले. विश्लेषणाचा व्हिडिओ चालू आहे, फक्त त्यावरच्या जाहिरातींचं उत्पन्न क्लेम करणाऱ्याला जाणार. संकलन मात्र अमेरिकेत ब्लॉक झालंय. पुण्यात मावशीला दिसतं, मला इथे दिसत नाही!

माझं मत असं की विश्लेषण ही माझी मेहनत आहे आणि त्यावर हरकत घ्यायला हवी. संकलनाबद्दल मन द्विधा आहे. जाणकारांनी लिहावं. नुसती तांत्रिक पळवाट नको, योग्य काय तेही हवंय.

पेठेतला_गोली

आधी वाटलं शेवटी कुणीतरी खऱ्या फुटबॉलचा धागा काढला. उघडून बघतो तर हातात बॉल धरून पळणारी माणसं 😀 कोल्हापुरात असा पळाला असता तर पंचांनी शिट्टी फुंकून बाहेरच काढला असता.

पण विषय लई महत्त्वाचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, प्रॅक्टिस, शिवाजी, खंडोबा यांच्या मॅचेस असतात तेव्हा निम्मी गॅलरी मोबाईल वर धरून असते. त्याच क्लिपा रात्री सगळ्या ग्रुपवर फिरतात. त्या कुणाच्या मालकीच्या? वाचतोय.

चौथा_डाउन

मी कोलंबसचा, म्हणजे ओहायो स्टेट विद्यापीठाच्या गावचा. मिशिगनचं संकलन ब्लॉक झालं हे वाचून इथे पेढे वाटावेत असा विचार क्षणभर मनात आला (हलके घ्या). ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मिशिगनशी सामना असतो त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारात पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम' अक्षरावर लाल फुली मारतात. आमचं त्यांच्यावर एवढं प्रेम आहे.

ॲनआर्बरकर, तुमचे विश्लेषणाचे व्हिडिओ मी बघतो. आमच्याविरुद्धच्या २०२१ च्या सामन्याचा, मिशिगनच्या हॅस्किन्सच्या पाच टचडाउनचा, तो ४२-२७ वाला अर्ध्यात सोडला, पण त्यात तुमचा काही दोष नाही. तुम्ही ब्लॉकिंग ज्या पद्धतीने समजावता तसं इंग्रजीतही फार कमी जण समजावतात. माझं मत, विश्लेषणासाठी भांडा आणि संकलन सोडून द्या. का ते वकील मंडळी सांगतीलच.

कट_टू_कट

मुंबईत क्रीडा वाहिन्यांसाठी प्रोमो कापायचं काम करतो, म्हणून तांत्रिक बाजू लिहितो.

हा क्लेम बहुतेक वेळा कुणी माणूस बसून टाकत नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा २००७ पासून आहे. हक्कधारक आपलं चित्रण आणि ध्वनी तिथे नोंदवतो, त्याचा ठसा तयार होतो, आणि नवा अपलोड झालेला प्रत्येक व्हिडिओ त्या ठशांशी ताडला जातो. जुळलं की काय करायचं हे हक्कधारकाने आधीच ठरवलेलं असतं: ब्लॉक करायचं, उत्पन्न स्वतःकडे वळवायचं, की नुसतं लक्ष ठेवायचं. ब्लॉकही देशागणिक करता येतं, म्हणून मावशीला दिसतंय. या यंत्राला तुमचं मराठी कळत नाही, तुम्ही टीका करताय की नुसतं दाखवताय हेही कळत नाही. ते फक्त जुळणी करतं.

मग लोक युक्त्या करतात. चित्र आरशासारखं उलटं करायचं, वेग किंचित वाढवायचा, कडेने जाड चौकट टाकायची, झूम करायचं. मनापासून सांगतो, यातलं काही करू नका. उलट्या चित्रात जर्सीवरचे आकडे उलटे दिसतात, स्कोअरची पट्टी उलटी दिसते, डावीकडून गेलेली धाव उजवीकडून गेल्यासारखी वाटते. ज्या विश्लेषणासाठी तुम्ही एवढा जीव काढता त्याचीच वाट लागते. शिवाय उद्या वाद झालाच तर 'यांना माहीत होतं, म्हणूनच लपवत होते' असं म्हणायला समोरच्याला पुरावा मिळतो.

गाण्याचा क्लेम वेगळा असेल, तोही तपासा. गाण्यात दोन हक्क असतात, रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. व्हिडिओखाली वापरायचं तर दोन्हीची परवानगी लागते. एकाच व्हिडिओवर चित्राचा एक आणि गाण्याचा दुसरा, असे दोन क्लेम सहज बसतात.

शमा

खेळ कळत नाही पण धागा आवडला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

जर्सीचा_वकील

बौद्धिक संपदेचं काम करतो. खालचं सगळं सर्वसाधारण माहिती म्हणून घ्या, तुमच्या प्रकरणातला सल्ला म्हणून नको.

आधी मूळ मुद्दा. सामना कुणाच्याच कॉपीराइटखाली येत नाही, प्रक्षेपण येतं. कोण किती यार्ड पळालं, कितव्या मिनिटाला पास अडवला, अंतिम गुण किती, या घडलेल्या गोष्टी आहेत. १९९७ साली एनबीए विरुद्ध मोटोरोला या खटल्यात न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने हे स्पष्ट केलं. मोटोरोला पेजरवर चालू सामन्याचे गुण पाठवत होती, आणि न्यायालयाने त्याला हरकत घेतली नाही. प्रक्षेपणाचं तसं नाही. कुठला कॅमेरा कधी दाखवायचा, रिप्ले कुठल्या कोनातून द्यायचा, समालोचन, पडद्यावरच्या पाट्या, ही सगळी निर्मिती आहे. थेट प्रक्षेपण त्याच क्षणी रेकॉर्डही होत असेल तर १९७६ च्या अमेरिकन कायद्यात त्याला पूर्ण संरक्षण आहे.

आता कॉलेज फुटबॉलमध्ये मालक इतके का, तेही सांगतो. १९८४ पर्यंत कुठला संघ टीव्हीवर किती वेळा दिसणार हे एनसीएए (कॉलेज खेळांची मध्यवर्ती संस्था) ठरवायची. ओक्लाहोमा विद्यापीठ आणि मंडळी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ७-२ ने जिंकली. तेव्हापासून हक्क विकण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि पुढे हे सौदे कॉन्फरन्सच्या, म्हणजे विद्यापीठांच्या गटांच्या, हातात गेले. आज मिशिगन ज्या बिग टेन कॉन्फरन्समध्ये आहे तिचे सामने २०२३ पासून फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्यात वाटलेले आहेत, प्लेऑफचा करार वेगळा. म्हणजे हंगामाच्या एका संकलनात तीन-चार मालकांचं चित्रण येऊ शकतं. एकाशी तुमचं मिटलं म्हणून दुसरा गप्प बसेल असं नाही.

फेअर यूज (परवानगीशिवाय चालणारा वाजवी वापर) हा प्रश्न चार निकषांवर सुटतो: वापर कशासाठी केला, मूळ कृती कशा प्रकारची आहे, त्यातलं किती घेतलं, आणि मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम झाला. 'तीस सेकंदांपर्यंत चालतं' असा नियम कायद्यात कुठेही नाही. खाली 'कॉपीराइट भंगाचा हेतू नाही' असं लिहून काही होत नाही. श्रेय देणं चांगलं, पण श्रेय म्हणजे परवानगी नव्हे. पैसे कमावत नाही हा मुद्दा थोडा मदतीला येतो, पण तेवढ्यावर कुणी सुटत नाही.

तुमच्या विश्लेषणाला जवळचा खटला २०१७ चा, हुसेनझादे विरुद्ध क्लाइन. क्लाइन जोडप्याने एका यूट्यूबरच्या सुमारे साडेपाच मिनिटांच्या व्हिडिओतली सव्वातीन मिनिटं घेऊन त्यावर चौदाएक मिनिटांची टीका केली होती. थोडं दाखवायचं, थांबायचं, बोलायचं, पुन्हा दाखवायचं. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तो फेअर यूज ठरवला. पण त्याच निकालात हेही बजावलं की प्रतिक्रियेचा प्रत्येक व्हिडिओ यात बसत नाही. काही व्हिडिओ म्हणजे नुसतं सोबत बसून बघणं असतं.

तुमच्या संकलनात तेवढंही नाही. निवडक क्षण, खाली गाणं. हेच उत्पादन हक्कधारक स्वतः बनवून स्वतःच्या चॅनेलवर टाकतात, म्हणजे चौथा निकष सरळ तुमच्या विरोधात जातो. २०२३ च्या वॉरहॉल खटल्यानंतर तर 'मी त्याला नवं रूप दिलं' एवढं म्हणणं पुरेसं नाही. मूळ कृतीच्याच कामासाठी वापर होत असेल तर ते तुमच्या विरोधात धरलं जातं.

मैदानी

वकीलसाहेबांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण मला हा सगळा व्यवहारच पटत नाही आणि तो राग इथे मांडतो.

बिग टेनचा आत्ताचा करार सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वरचा. ज्या पोरांच्या जिवावर हे पैसे येतात त्यांना स्वतःच्या नावावर नि चेहऱ्यावर एक डॉलर कमवायला जुलै २०२१ उजाडावा लागला. आणि ज्या प्रेक्षकाने थंडीत कुडकुडत, पोराबाळांना खांद्यावर घेऊन हा खेळ मोठा केला, त्याने दहा सेकंदांची क्लिप टाकली की लगेच यंत्र धावून येतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जुने सामने. सत्तर-ऐंशीच्या दशकातले कितीतरी सामने आज बघायला मिळतात ते कुणीतरी घरच्या व्हिडिओ कॅसेटवर उतरवून ठेवले म्हणून. ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांनी ते कधी बाहेर काढलेच नाहीत. असं एखादं चॅनेल तीन स्ट्राइक (कॉपीराइटच्या नोटिशींमुळे बसणारे शिक्के) बसून बंद होतं, तेव्हा त्याच्याबरोबर एका विद्यापीठाच्या आठवणींचं दालनच जातं. त्या सामन्यांचा कुठला बाजार बुडतो हो? विकायला ठेवले असते तर मी पहिल्यांदा विकत घेतले असते.

चौथा_डाउन

मैदानी, जुन्या सामन्यांबद्दल +१००. माझ्या आवडीचं असं एक चॅनेल गेलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

हा संघर्ष जुना आहे. २००९ साली एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्सने तर प्रेक्षकांनी स्टेडियममधून फोटो-व्हिडिओ टाकण्यावरच बंदी घालायचा प्रयत्न केला होता. गदारोळ झाला आणि नियम सैल करावा लागला. ऑक्टोबर २०१५ मध्ये एनएफएलच्या (व्यावसायिक फुटबॉल लीगच्या) तक्रारींवरून ट्विटरने डेडस्पिन या क्रीडा संकेतस्थळाचं खातं काही काळ बंद केलं होतं. कारण काय, तर खेळातल्या हलत्या चित्रांचे तुकडे!

जर्सीचा_वकील

मैदानी, तुमचं दुःख खरं आहे आणि जुन्या सामन्यांच्या बाबतीत न्याय तुमच्या बाजूने आहे असं मलाही वाटतं. कायदा मात्र नाही. हक्कधारक कृती विकत नाही म्हणून ती सार्वजनिक होत नाही. जुन्यासाठी एक सरळ वाट आहे, ती म्हणजे विद्यापीठाचं अभिलेखागार. मिशिगनच्या बेंटली हिस्टॉरिकल लायब्ररीत तिथल्या क्रीडा विभागाचा मोठा दस्तऐवज आहे. कुणाकडे कॅसेट असतील तर अशा ठिकाणी निदान विचारा. यूट्यूबवर टाकलं म्हणजे जपलं असं नसतं.

नूतन_फ्रिस्को

जरा वेगळा अनुभव, विषयाला धरूनच. माझा मुलगा टेक्ससमध्ये शाळेच्या संघात किकर (चेंडू पायाने मारणारा खेळाडू) आहे. लहानपणी सॉकर खेळायचा, तिथून प्रशिक्षकांनी उचलला. इथे कॉलेजात निवड व्हायची तर मुलाची हायलाइट टेप लागते, आणि ती करायची जबाबदारी घरात माझ्याकडे आली.

यात कॉपीराइटचा त्रास जवळजवळ नाही, कारण सामन्याचं चित्रण शाळाच करते आणि हडलवर खेळाडूंना उपलब्ध करून देते. हडल ही नेब्रास्कातली कंपनी, २००६ सालची. बहुतेक शाळांचे संघ तिथेच असतात. चित्रण उंचावरून, एकाच कॅमेऱ्यातून. टीव्हीसारखं चकचकीत नाही, पण बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात. प्रशिक्षकांना तेच हवं असतं.

आम्हाला त्याच्या प्रशिक्षकांनी सांगितलेल्या गोष्टी: सगळ्यात चांगली किक पहिली ठेवा, कारण बघणारा पुढे जाईलच असं नाही. डाव सुरू होण्याआधी चित्र क्षणभर थांबवून मुलाभोवती गोल काढा. चेंडू पायाला लागल्यापासून खांबांमधून जाईपर्यंत मध्ये कट नको. टचडाउननंतरचा नाच नको. आणि गाण्यावर वेळ घालवू नका, आवाज बंद करूनच बघतात. मी मात्र गाणं निवडण्यात अख्खी संध्याकाळ घालवणार होते.

सातारकर_काका

मी या व्हिडिओंचा लाभार्थी. गेल्या वर्षी मुलाकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर होतो. मुलगा, सून, नातू शनिवारी टीव्हीसमोर ओरडायचे आणि मी सोफ्याच्या कडेला बसून राहायचो. 'टचडाउन' म्हणजे विमान उतरतं तेवढंच माहीत. सुनेने या चॅनेलचा व्हिडिओ लावून दिला. त्यात सांगितलं होतं की पुढची पाच जणांची फळी म्हणजे कबड्डीतली साखळी समजा, साखळी तुटली की मागचा सापडला. त्या दिवशी मला पहिल्यांदा खेळ दिसला. नंतर नातवाबरोबर मीही ओरडायला लागलो. आता साताऱ्यात रविवारी सकाळी चहाबरोबर निकाल बघतो आणि नातवाला फोन करतो.

ॲनआर्बरकर, कायद्याचं मला कळत नाही. पण ते संकलन नसलं तरी आम्हाला चालेल. समजावणं बंद करू नका.

पेठेतला_गोली

काका, नाद खुळा! आमच्याकडं या एकदा, शाहू स्टेडियमवर. समजावायला कुणी लागणार नाही, मागचा माणूस कानात ओरडून सगळं सांगतो.

वकीलसाहेब, माझ्या प्रश्नाचं राहिलं. आपण स्वतः गॅलरीतनं काढलेलं चित्रण कुणाचं?

जर्सीचा_वकील

चित्रण काढणाऱ्याचं. तुम्ही कॅमेरा धरलात, कोन निवडलात, तर कॉपीराइट तुमचा. पण तिकिटावर किंवा आयोजकांच्या नियमांत चित्रणावर बंधन असू शकतं. तो कराराचा भाग झाला, कॉपीराइटचा नव्हे. अमेरिकेतल्या मोठ्या स्टेडियममध्ये व्यावसायिक वापरासाठी चित्रण करायला तिकिटाच्या अटींतच मनाई असते. मिशिगनच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात. सगळ्यांचे मोबाईल कुणी तपासत नाही, पण त्या चित्रणावर धंदा उभा करायला गेलात तर अटी पुढे येतील.

भारतात १९५७ चा कायदा. त्यात प्रक्षेपण संस्थेला कलम ३७ खाली स्वतंत्र हक्क आहे, पंचवीस वर्षांचा. कलम ३९ आणि ५२ मध्ये वार्तांकन, टीका, अध्यापन यांसाठी सवलती आहेत. पण गोली, तुमच्या मॅचचं कुणी अधिकृत प्रक्षेपण करत असेल तरी तुमच्या हातातल्या मोबाईलवरची क्लिप ही त्यांच्या प्रक्षेपणाची नक्कल होत नाही. बिनधास्त पाठवा ग्रुपवर.

पेठेतला_गोली

बास! आता आयोजकाला हाच प्रतिसाद दाखवतो.

ह्यूस्टनची_वैदेही

अवांतर वाटेल पण आपल्यातल्या बऱ्याच जणांसाठी महत्त्वाचं. ॲनआर्बरकर, तुम्ही कुठल्या व्हिसावर आहात माहीत नाही, सांगूही नका. पण एच-वन-बीवर ज्या मालकासाठी परवानगी आहे त्याच्याच कामाचे पैसे घेता येतात. चॅनेलवर जाहिरातींचं उत्पन्न सुरू करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलून घ्या. कॉपीराइटच्या नादात ही बाजू कुणाच्या लक्षातच येत नाही.

ॲनआर्बरकर

सर्वांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

वैदेही, चॅनेलवर उत्पन्न सुरू केलेलंच नाही आणि तसा विचारही नाही.

मैदानींच्या रागात मी त्यांच्याबरोबर आहे. हा खेळ बघणाऱ्यांच्या घराघरांत जिवंत राहतो. तरीही वकीलसाहेबांचं वाचून मला संकलन आणि विश्लेषण यांतला फरक नीट मांडता आला. संकलनात लोक बघतात ते त्यांचं चित्रण. विश्लेषणात लोक ऐकतात ते माझं बोलणं. संकलन काढून टाकतोय.

विश्लेषणावर हरकत घ्यायची तर पुढे काय काय होऊ शकतं, ते कुणी क्रमाने सांगेल का? क्लेम आणि स्ट्राइक यांत लोक फार गोंधळ घालतात.

कट_टू_कट

क्लेमने चॅनेलला धोका नाही. उत्पन्न जातं किंवा व्हिडिओ अडतो, एवढंच. स्ट्राइक म्हणजे कायदेशीर नोटीस देऊन व्हिडिओ काढायला लावणं. नव्वद दिवसांत तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकतं.

तुम्ही क्लेमवर हरकत नोंदवली की समोरच्याला तीस दिवस मिळतात. त्याने उत्तर दिलं नाही तर क्लेम सुटतो. त्याने क्लेम कायम ठेवला तर तुम्ही अपील करू शकता, तिथे त्याला सात दिवस. इथपासून पुढे गांभीर्य वाढतं, कारण अपील मान्य नसेल तर त्याला व्हिडिओ काढण्याची नोटीस द्यावी लागते, आणि त्याने दिली तर तुमच्यावर स्ट्राइक.

जर्सीचा_वकील

त्यापुढचं मी सांगतो. नोटिशीला तुम्ही प्रतिनोटीस देऊ शकता. १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइटच्या अमेरिकन कायद्यात ही तरतूद आहे. त्यात नाव, पत्ता द्यावा लागतो आणि अमेरिकन न्यायालयाचा अधिकार मान्य आहे असं लिहून द्यावं लागतं. मग समोरच्याला दहा कामकाजाचे दिवस. तेवढ्यात त्याने खटला भरला नाही तर व्हिडिओ परत येतो.

नोटीस देणाऱ्यावरही बंधन आहे. अपील न्यायालयाने २०१५ साली लेंझ खटल्यात सांगितलं की नोटीस देण्याआधी फेअर यूजचा विचार करणं हक्कधारकाचं काम आहे. एका आईने घरात नाचणाऱ्या बाळाची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत टाकली होती, मागे गाणं वाजत होतं, त्यावरून ते प्रकरण झालं. मात्र एवढ्यावर विसंबून कुणाला अंगावर घेऊ नका. नोंदणीकृत कृतीच्या भंगाची वैधानिक भरपाई एका कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर, आणि जाणूनबुजून केलं असं ठरलं तर दीड लाखापर्यंत जाते. म्हणून प्रतिनोटिशीच्या पायरीवर प्रत्यक्ष वकील गाठा.

मैदानी

वकीलसाहेब, म्हणजे ज्याच्याकडे वकील ठेवायला पैसे तोच शेवटपर्यंत जाणार. हेच माझं म्हणणं होतं.

जर्सीचा_वकील

हो, तसंच आहे. ते मी नाकारत नाही.

चौथा_डाउन

एक सुचवतो. चित्रण न वापरताच डाव समजावता येईल का? डावाची माहिती कुणाच्या मालकीची नाही हे वर आलंच आहे. 'रोज बोल' या सामन्यातलाच डाव घ्या, १ जानेवारी २०२४, मिशिगन विरुद्ध अलाबामा. (हो, मीच सुचवतोय, एवढं मन मोठं केलंय.) जादा वेळ, २७-२०, अलाबामाचा चौथा डाउन (शेवटचा प्रयत्न), गोलरेषा तीन यार्डांवर. अलाबामाचा मिल्रो चेंडू घेऊन सरळ मध्ये घुसतो आणि तिथेच गाडला जातो. हे बावीस ठिपक्यांत काढा. कुठल्या ठिपक्याने कुणाला ढकललं, मधली जागा कशी बंद झाली ते दाखवा. टीव्हीच्या चित्रणात तो नुसता माणसांचा ढीग दिसतो. ठिपक्यांत काकांना जास्त कळेल.

कट_टू_कट

उत्तम कल्पना. फुटबॉलच्या मैदानाची आकृती, दर पाच यार्डांना रेघ, बचाव पिवळा, आक्रमण लाल. साध्या ॲनिमेशनच्या ॲपमध्ये होतं. मधूनच जिथे खेळाडूचे पाय किंवा नजर दाखवायचीच असेल तिथे तीन-चार सेकंदांचं मूळ चित्रण, त्यावर लगेच तुमचा आवाज. मूळ समालोचकाचा आवाज पूर्ण बंद ठेवा, ध्वनीचा ठसाही वेगळा जुळतो.

ॲनआर्बरकर

ठिपक्यांची कल्पना फारच आवडली, काम सुरू केलंय. दोन शंका. बरेच चाहते टीव्हीच्या चित्राखाली विद्यापीठाच्या रेडिओचं समालोचन जोडतात, ते कसं? आणि मागे 'द व्हिक्टर्स' हे आमचं विद्यापीठगीत वाजवलं तर?

जर्सीचा_वकील

रेडिओ म्हणजे आणखी एक मालक. चित्राचा एक, आवाजाचा दुसरा. अडचण दुप्पट होते, कमी होत नाही.

'द व्हिक्टर्स' १८९८ सालचं, लुई एल्बेल या विद्यार्थ्याने रचलेलं. रचना केव्हाच सार्वजनिक झाली आहे, कुणीही वाजवावी. पण विद्यापीठाच्या बँडने केलेलं आजचं ध्वनिमुद्रण ही वेगळी कृती आहे आणि तिला हक्क आहेत. तुमच्या ओळखीत कुणी पेटी किंवा ट्रम्पेट वाजवत असेल तर त्याच्याकडून वाजवून घ्या आणि त्याची लेखी परवानगी ठेवा.

सातारकर_काका

पेटी मी वाजवतो. नोटेशन पाठवा.

ॲनआर्बरकर

काका, आजच पाठवतो!

जर्सीचा_वकील

आणि हरकत नोंदवताना 'फेअर यूज' एवढंच लिहून सोडू नका. व्हिडिओ एकूण किती मिनिटांचा, त्यात मूळ चित्रण एकूण किती सेकंद, प्रत्येक तुकडा कुठल्या मिनिटाला येतो आणि त्या तुकड्यावर तुम्ही काय बोलता, हे इंग्रजीत दोन-दोन ओळींत लिहा. तुमचं बोलणं मराठीत असल्यामुळे समोर वाचणाऱ्याला त्याशिवाय काहीच कळणार नाही. व्हिडिओला इंग्रजी उपशीर्षकं जोडलीत तर आणखी चांगलं, आणि ती हरकत पाठवण्याआधी जोडा.